सीडरच्या सावलीतले ऱ्होडोडेंड्रॉन: समॅमिशमधल्या एका परसबागेचं प्रकरण

मला विचारलेला प्रश्न झाडं पाडण्याचा होता. सियाटलच्या पूर्वेला समॅमिशच्या पठारावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या घरामागे तीन जुने वेस्टर्न रेड सीडर आणि एक डग्लस फर आहे, दोन्ही इथली उंच सूचिपर्णी झाडं. त्यांच्या सावलीत आधीच्या मालकाने लावलेली ऱ्होडोडेंड्रॉनची, म्हणजे गुच्छांनी फुलणाऱ्या सदाहरित झाडाची, नऊ झुडपं होती. घर घेतल्यापासून त्यांना धड फूल आलेलं नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यातलं एक मरायला टेकलं, तीन पिवळी पडली आणि चार माना टाकून उभी राहिली. घरातल्या सगळ्यांचं मत एकच होतं, सावली फार आहे. तिन्ही सीडर उतरवण्याच्या खर्चाचा अंदाजही मागवून झाला होता, काही हजार डॉलर. पैसे भरण्याआधी एकदा येऊन बघून जा, असं त्या घरातल्या वहिनींनी मला सांगितलं.

मी इथे मास्टर गार्डनर म्हणून स्वयंसेवा करते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाने १९७३ मध्ये हा उपक्रम सुरू केला: सामान्य नागरिकांना बागकामाचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी शेजारपाजारच्यांच्या शंका सोडवायच्या. आता तो अमेरिकाभर पसरला आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण अशीच तक्रार आपल्या मंडळींच्या घरांतून पुन्हा पुन्हा येते आणि सावलीचं नाव इतक्या लवकर घेतलं जातं की झुडपाच्या बुंध्याशी खुरपं घालून बघायचं राहूनच जातं.

जागा आणि पावसाचं उलटं वेळापत्रक

या भागातली माती हिमयुगाने ठेवून दिलेली आहे. सियाटलच्या जागेवर एके काळी जवळपास ९०० मीटर जाडीचा बर्फ होता. त्या वजनाखाली दाबला गेलेला गोटे, वाळू आणि गाळाचा थर आजही वरच्या दोन-तीन फूट मातीखाली काँक्रीटसारखा कडक आहे. हिवाळ्यात पाणी त्याच्यावर तुंबतं आणि उन्हाळ्यात मुळांना खाली ओल शोधायला जाता येत नाही. वरची माती मुळात आम्ल असते. ऱ्होडोडेंड्रॉनला साडेचार ते साडेपाच-सहापर्यंतचा सामू (pH; आकडा जितका कमी, तितकी माती आम्ल) मानवतो, त्यामुळे त्या बाबतीत इथली जमीन उत्तमच म्हणायची.

खरी गोम पावसात आहे. सियाटलचं नाव पावसाळी शहर म्हणून झालेलं आहे, पण वर्षभरात इथे साधारण १००० मिलिमीटरच पडतो, आणि तोही मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. बागांमधली पुष्कळशी ऱ्होडोडेंड्रॉन मात्र ज्या रानटी जातींपासून आली, त्या पूर्व हिमालय, युनान, सेचुआन, जपान अशा मुलखातल्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या. त्यांची पालवी वाढते आणि पुढच्या वर्षीची कळी धरते ती त्या पावसावर. आपण जूनमध्ये पेरणी करणारी माणसं, आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. समॅमिशच्या बागेत या झुडपांचा पावसाळा नेमका त्यांच्या वाढीच्या महिन्यांत गायब असतो. त्यात सीडरखालच्या जमिनीची अवस्था आणखी वाईट: उन्हाळ्यातली एखादी बारीक सर आलीच तर ती वरच्या पानांतच अडकते, आणि जमिनीत सीडरच्या मुळांचं दाट जाळं उरलीसुरली ओल ओढून घेतं. तिथली सावली गार दिसते, पण माती भुकटी झालेली असते.

सावलीवर माझा पहिल्यापासून संशय नव्हता, त्याला आणखी एक कारण होतं. वॉशिंग्टन राज्याचं फूलच मुळी ऱ्होडोडेंड्रॉन आहे. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी १८९२ मध्ये इथल्या स्त्रियांनी मतदान करून ते निवडलं. तेव्हा त्यांना निवडणुकीत मत द्यायचा हक्कही नव्हता. ही स्थानिक जात डग्लस फरच्या रानातच आपोआप उगवते. सियाटलच्या दक्षिणेला फेडरल वे गावातल्या ऱ्होडोडेंड्रॉन स्पीशीज बोटॅनिकल गार्डनमध्येही जगभरच्या शेकडो जाती उंच फरच्या झाडांखालीच वाढवल्या आहेत.

पाहणी

मी आधी मरणाऱ्या झुडपाकडे गेले. त्याच्यावर जुनी पाटी होती, ‘पिंक पर्ल’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झालेला हा संकर, त्याच्या पूर्वजांत सिक्कीम-भूतानकडची ग्रिफिथियानम ही रानटी जात आहे. बुंध्याजवळ खुरप्याने माती बाजूला करत गेले, तर खोड खालीच चाललेलं. चार बोटं गेली, वीत गेली, तेव्हा कुठे पहिली मुळं लागली. मातीत गाडलेल्या खोडाची साल ओली, तपकिरी, बोटाने सुटून येणारी होती. झुडूप धरून हलवलं तर सगळं वर आलं, आणि मुळांची हुंडी, म्हणजे मुळं आणि मातीचा गोळा, अजून रोपवाटिकेच्या कुंडीच्याच आकाराची होती. बाहेरची माती दमट, हुंडीच्या आत मात्र कोरडी भुकटी. कुंडीतलं ते पीटचं (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचं) मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत शिरू देत नाही, पाणी बाजूने निघून जातं. वर रोज नळी धरली तरी झुडूप तहानलेलंच राहतं.

इथे या झाडाच्या मुळांविषयी थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याभोवती फिरतं. ऱ्होडोडेंड्रॉनला सोटमूळ नसतं. त्याची मुळं केसासारखी बारीक असतात आणि वरच्या वीत-दीड वीत थरात चटईसारखी पसरतात. पालापाचोळ्याखालच्या भुसभुशीत थरात, एका खास बुरशीच्या सोबतीने ती अन्न मिळवतात. त्यांना हवा लागते. त्यांच्यावर माती चढवली की ती गुदमरतात, बुंध्याशी खुरपणी केली की तुटतात, आणि वरचा थर वाळला की त्यांना खाली दुसरा आसरा नसतो.

सीडरखालच्या पाचही झुडपांची कथा थोड्याफार फरकाने हीच निघाली. घर विकायला काढण्याआधी अंगण भरलेलं दिसावं म्हणून ती घाईने लावलेली असावीत. कुंडीतून काढून जशीच्या तशी खड्ड्यात, तीही खोल. मग दर वसंतात जुन्या सालीच्या भुशावर नवा भुसा बुंध्यापर्यंत रचलेला. त्यावर शेवटची भर आजींची. वहिनींच्या सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या, आयुष्य शेतीत गेलेलं, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. सुकणारी झाडं बघवेनात म्हणून त्यांनी प्रत्येकाला खोलगट आळं केलं, बुंध्याला भर लावली आणि कीड लागू नये म्हणून फायरप्लेसमधली राख पसरली. वांग्याला, उसाला हीच सेवा लागू पडते. या झाडाची मुळंच निराळी.

पिवळ्या झुडपांचं मूळ मात्र आजींनीच उलगडलं. ही तीन झुडपं घराच्या बाजूने जाणाऱ्या काँक्रीटच्या पायवाटेलगत, लॉनच्या कडेला होती. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी पान उलटसुलट करत असताना आजी शेजारी येऊन म्हणाल्या, “ह्यो केवडा हाय बाई. चुनखडीच्या रानात भुईमूग असाच पिवळा पडतुया. आमी हिराकस मारतो.” केवडा म्हणजे पानं पिवळी पडणं, आणि हिराकस म्हणजे लोहाचं मीठ. मी म्हटलं, “आजी, अगदी बरोबर. पण इथली माती आंबट, हिच्यात चुना आला कुठून?” तेव्हा दादांना, म्हणजे वहिनींच्या यजमानांना आठवलं, की लॉनची निगा राखणारी माणसं दर वर्षी शेवाळ कमी व्हावं म्हणून हिरवळीवर दाणेदार चुना टाकतात. तो टाकायचं यंत्र कडेपर्यंत फिरवलं जातं. त्यात काँक्रीटमधूनही थोडा चुना झिरपत राहतो. किंग काउंटीच्या कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टकडून (माती-पाण्याच्या संवर्धनाची स्थानिक सरकारी संस्था) रहिवाशांना माती तपासून मिळते, तिथे दोन नमुने पाठवले. पायवाटेकडचा सामू सातच्या जवळ आला, सीडरखालचा साडेपाचच्या आसपास. एकाच अंगणात इतका फरक! सामू वर गेला की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, म्हणून पान पिवळं पडतं.

आता फुलांचा प्रश्न. पुढच्या मे महिन्यात उमलणारी कळी ऱ्होडोडेंड्रॉन आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला धरतं. ती गोल, टपोरी असते. पानांचा कोंब बारीक आणि टोकदार. पायवाटेकडच्या झुडपांना या वर्षीच्या कळ्या धरू लागलेल्या दिसत होत्या, पण त्याखालच्या जुन्या फांद्यांची टोकं एका रेषेत कापलेली. लॉनची तीच माणसं दर सप्टेंबरअखेर कुंपणाच्या कात्रीने सगळ्या झुडपांना गोल आकार देऊन जात. म्हणजे दर वर्षी झाड कळ्या धरत होतं आणि दर वर्षी सगळ्याच्या सगळ्या कचऱ्याच्या पोत्यात जात होत्या. वहिनी बराच वेळ ती टोकं बोटांनी चाचपत उभ्या होत्या.

आणि मग नववं झुडूप. पूर्वेच्या कोपऱ्यात, डग्लस फरच्या पलीकडे, कोणाच्या नजरेत न येणारं एक पांढऱ्या फुलांचं झुडूप होतं. वहिनी म्हणाल्या, “त्याला येतात की थोडी फुलं, पण तिकडे कोण जातंय.” मी तिथे गेले तेव्हा प्रकरणाचा निकाल लागल्यासारखं वाटलं. सावली तीच, किंबहुना थोडी जास्तच. झुडूप मात्र गर्द हिरवं, टोकाटोकाला कळी. ते एका जुन्या कुजलेल्या बुंध्यावर उभं होतं, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच. लाकूड कुजून त्याचा स्पंज झालेला, त्यात मुळं पसरलेली, आणि शेजारच्या बागेच्या नळाची गळती उन्हाळाभर त्याला भिजवत होती. कात्रीवाली माणसं तिथवर पोचली नव्हती, चुनाही नाही. पानांवरून आणि नंतर फुलांवरून ते ‘कनिंगहॅम्स व्हाइट’ वाटलं. १८५० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही जात जात्याच चिवट आहे, त्यामुळे तिची इतरांशी केलेली तुलना शंभर टक्के न्याय्य नाही. तरीही त्याच सावलीत एक झुडूप सुखाने राहत होतं हे नाकारता येणार नव्हतं.

पानांच्या कडांना कुरतडलेल्या खाचा होत्या, त्यांचीच घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती होती. त्या सोंडेवाल्या भुंगेऱ्याच्या. तो रात्री बाहेर येतो. मोठ्या झुडपाला पानांवरच्या खाचांनी फारसं काही होत नाही. अळ्या मुळं खातात हे खरं, पण हुंड्या उकरून पाहिल्या तेव्हा अळ्या तुरळकच दिसल्या. फवारणी नको म्हटलं.

निर्णय

दादा सहजासहजी मानले नाहीत, आणि ते योग्यच होतं. “मधला एक तरी सीडर काढू,” असं ते म्हणत होते. मधल्या सीडरच्या बाबतीत त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. ढग नसताना दुपारी जमिनीपासून फूटभर वर हात धरला की सावलीवरून बराच अंदाज येतो: हाताची सावली ठसठशीत पडली तर ऊन जास्त, पुसट पडली तर ऱ्होडोडेंड्रॉनला हवी तशी चाळणीची सावली, आणि पडलीच नाही तर तिथे झुडूप जगेल, उंच काटकुळं होईल, पण फुलं मोजकीच देईल. मधल्या सीडरच्या खोडाजवळ हाताची सावली पडतच नव्हती.

पण पश्चिमेचं ऊन अडवणारी भिंतही तेच तीन सीडर होते. २८ जून २०२१ ला सियाटलच्या सी-टॅक विमानतळावर पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. त्या आठवड्यात या भागात पश्चिमेला उघड्यावर असलेल्या कित्येक ऱ्होडोडेंड्रॉनची पानं भाजून तपकिरी पडली. मी विचारलं, “वहिनी, त्या वेळी तुमच्या झाडांची पानं जळली होती का?” नव्हती. समोरच्या घराची जळली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

शेवटी असं ठरलं: सीडर राहतील. आर्बोरिस्टकडून, म्हणजे मोठ्या झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडून, त्यांच्या आणि फरच्या खालच्या काही फांद्या काढून सकाळचं तिरकं ऊन आत घ्यायचं, पण एकूण विस्ताराच्या चौथ्या हिश्श्याहून बरंच कमी. मधल्या सीडरखालची चार जिवंत झुडपं तिथून उचलून पूर्वेकडे, सीडरच्या फांद्यांच्या कडेला न्यायची, जिथे सकाळी दोन-तीन तास ऊन येतं. पायवाटेकडची तिन्ही काँक्रीटपासून लांब. लॉनवरचा चुना बंद, राख बंद, कुंपणाची कात्री बंद. ‘पिंक पर्ल’ काढून टाकायचं, त्याच्या सालीखाली कूज वर चढलेली होती. गॅरेजमध्ये ॲल्युमिनियम सल्फेटची पिशवी होती, हायड्रेंजिया निळं व्हावं म्हणून आणलेली. तेच ऱ्होडोडेंड्रॉनला घालून सामू उतरवायचा सल्ला कोणीतरी दिला होता. मी ती बाजूला ठेवायला लावली, कारण जास्तीचं ॲल्युमिनियम या मुळांना बाधतं. गंधकाने सामू हळूहळू उतरतो, पण जागाच बदलायची असल्यावर तेही लागलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सांगितली. दादांच्या मुलाने उत्तराखंडमधल्या बुरांसच्या सरबताचा व्हिडिओ पाहिला होता आणि आपल्याही फुलांचं करू म्हणत होता. तिथे वापरतात त्या ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियमच्या पाकळ्या, आणि त्या ओळखणारी माणसं वापरतात. बागेतले संकर खाण्यासाठी अजिबात नाहीत. या वंशात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं, पानांत, फुलांत, मधातसुद्धा. घरात कुत्र्याचं पिल्लू होतं, ते पानं चघळत असे. वाटेकडच्या वाफ्याला तात्पुरती जाळी लावली.

ऑक्टोबर

ऱ्होडोडेंड्रॉन हलवायला सोपं असतं, कारण मुळं वरच्यावर असतात. मोठं झुडूपही ताटासारखी हुंडी धरून उचलता येतं. योग्य वेळ म्हणजे पहिल्या चांगल्या पावसानंतरचा शरद, जमीन अजून कोमट असताना. २०२२ ला तो पाऊस आलाच नाही. सप्टेंबर कोरडा गेला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पारा तिशीपर्यंत जात होता आणि वणव्यांच्या धुराने आकाश तपकिरी होतं. दादांनी सुट्टी काढून ठेवली होती, तरी थांबलो. तोवर ठिबक नळी बुंध्यालगत ठेवून अगदी हळू, तासन्‌तास पाणी दिलं, वाळलेल्या हुंड्या आतून भिजाव्यात म्हणून. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि त्यानंतरच्या शनिवारी काम सुरू केलं.

फांद्यांच्या घेराच्या थोडं आत फावड्याने गोल आखला, मग फावडं आडवं घालत हुंडी सोडवली आणि ताडपत्रीवर ओढून नेली. घाईने लावलेल्या चौघांच्या हुंड्यांवर नळी धरून जुनं मिश्रण धुऊन काढलं आणि गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी केली. हे करताना वहिनींचा जीव खालीवर होत होता. नव्या जागी खोल खड्डा घेतला नाही. कडक थरात खड्डा खणून त्यात मऊ कंपोस्ट भरलं की हिवाळ्यात तिथे पाणी साठतं आणि मुळं सडतात. जमिनीचा वरचा थर फक्त सैल केला, हुंडी जवळजवळ जमिनीवरच ठेवली आणि तिथल्याच मातीचा उतरता उंचवटा भोवती केला. हुंडीचा माथा दोन बोटं वर. सीडरच्या जाड मुळ्या लागल्या तिथे त्या तोडल्या नाहीत, रोपच हातभर सरकवलं. खत काही नाही. वरून आर्बोरिस्टनेच टाकून दिलेला लाकडाचा चुरा चांगला चार बोटं, खोडाभोवतीची जागा मोकळी ठेवून.

आजींना हे पटत नव्हतं. “भर न्हाई, आळं न्हाई, उघड्या मुळावर झाड कसं ऱ्हायचं?” मी त्यांना कोपऱ्यातल्या पांढऱ्या झुडपाकडे नेलं आणि कुजक्या बुंध्यात हात घालायला सांगितला. त्यांनी मूठभर काढून वास घेतला, मुळं बघितली. परत आल्यावर लाकडाचा चुरा पसरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि त्यांच्याइतका एकसारखा आमच्यापैकी कोणी पसरला नाही. जाताना एक फांदी सांगलीला न्यायची त्यांची इच्छा होती. त्याला मात्र नाही म्हणावं लागलं. दक्षिण भारतातला ऱ्होडोडेंड्रॉनही निलगिरी-पळणीच्या उंच, गार डोंगरांतच राहतो. सांगलीची चुनखडीची काळी माती आणि उन्हाळ्यातल्या गरम रात्री त्याला सोसणाऱ्या नाहीत.

मधल्या सीडरखाली रिकाम्या झालेल्या जागेत स्वोर्ड फर्न, सलाल आणि ऑरेगन ग्रेप लावले. ही इथल्याच रानातली मंडळी, कोरड्या सावलीची सवय असलेली.

पुढची वर्षं

२०२३ च्या मे महिन्यात पायवाटेकडून हलवलेली तिन्ही झुडपं फुलली. त्यात एक लालभडक ‘जीन मारी द माँटेग्यू’ निघालं. हे यश आमच्या स्थलांतराचं नव्हतं, हे मी तेव्हाच सांगितलं. कात्री थांबली एवढंच घडलं होतं. जुनी पानं पिवळीच राहिली, ती पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी पालवी मात्र हिरवी आली. फुलं सुकल्यावर त्यांचे गुच्छ खालचे कोंब न दुखावता हाताने मोडून टाकले, म्हणजे बी धरण्यात झाडाची ताकद जात नाही. हलवलेल्या चौघांना त्या वर्षी जेमतेम पालवी आली. एवढंच अपेक्षित होतं.

त्या उन्हाळ्यापासून पाण्याचा नेम बसला. जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ठिबकने आठवड्याला साधारण इंचभर पावसाइतकं पाणी, मग हळूहळू कमी. मोसमी पावसासारखंच यायचं आणि तसंच ओसरायचं. पानांवर फवारा नाही. वेळापत्रकावर आंधळा भरवसाही नाही. चुरा बाजूला करून बोट मातीत घालायचं, पेराभर खाली ओल लागली तर पाणी बंद. गरम, चिंब मातीत मुळकूज धरते, म्हणून हे तपासणं पाणी देण्याइतकंच गरजेचं. ठिबकच्या ओलीकडे सीडरची मुळंही सरकणार, हे मी दादांना आधीच सांगितलं आहे. काही वर्षांनी तो वाफा पुन्हा बघावा लागेल.

जानेवारी २०२४ मध्ये पारा उणे नऊ अंशांपर्यंत उतरला आणि सकाळी सातला वहिनींचा फोन आला: सगळी पानं गुंडाळून सुरळीसारखी लोंबत होती. थंडीत ऱ्होडोडेंड्रॉन असंच स्वतःला आवरून घेतं, थंडी ओसरली की पानं उघडतात. उघडली. एका झुडपाच्या काही कळ्या तेवढ्या करपल्या. मे २०२४ मध्ये आठपैकी सात फुलले. आठवं, हलवलेल्या चौघांतलं सगळ्यात अशक्त, अजून नुसतीच पानं काढतंय.

१९ नोव्हेंबर २०२४ च्या वादळात या भागात शेकडो झाडं कोसळली, कित्येक दिवस वीज नव्हती. या घरी डग्लस फरची एक मोठी फांदी पडून लाल झुडपाची एक बाजू फाटली. सीडर पाडायचा विषय पुन्हा निघाला, आणि या वेळी त्याला खरं कारण होतं: घराची आणि माणसांची सुरक्षा. तिथे फुलांचा विचार करायचा नसतो. आर्बोरिस्टकडून मुळांपासून शेंड्यापर्यंत तपासणी करून घेतली. चारही झाडं निरोगी आणि घट्ट निघाली, म्हणून राहिली. लाल झुडपाची फाटलेली बाजू फुलं झाल्यावर नीट छाटली, आणि खोडावरच्या सुप्त डोळ्यांतून नवे कोंब आले.

सध्याची अडचण वेगळी आहे. हलवलेल्या चौघांतलं सगळ्यात पूर्वेचं झुडूप, ज्याला सर्वांत जास्त ऊन मिळतं, त्याच्या पानांवर २०२५ मध्ये बारीक फिकट ठिपके दिसले आणि पानाखाली काळे चकचकीत डाग. लेस बग. अझेलियावरचा (ऱ्होडोडेंड्रॉनच्याच वंशातलं झुडूप) हा किडा वॉशिंग्टनमध्ये गेल्या दोन दशकांत पसरला आणि ऱ्होडोडेंड्रॉनवरही येतो; उन्हात आणि कोरड्यावर असलेल्या झाडांवर जास्त. अंडी पानाच्या आत शिरेलगत राहतात, पिल्लं मेच्या आसपास बाहेर पडतात. त्या वेळी दर दोन-चार दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा झोत मारला तर पुष्कळशी पडून मरतात. झाडात भिनणारं कीटकनाशक वापरायचं नाही असं ठरवलं आहे, कारण या फुलांवर मे महिनाभर मधमाश्या असतात. दुसरा उपाय दादांनीच सुचवला आणि मला तो पटला: येत्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्या पावसानंतर, ते झुडूप उचलून दोन मीटर आत, सीडरच्या दिशेने न्यायचं.